बेळगाव भागातल्या कॉलेज-विद्यापीठातल्या सोयी: कुणाला विचारायचं, कुठून सुरुवात करायची?

जांबोटी_रस्ता | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. धाकटा भाऊ बेळगावात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) खानापुरात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि तीन विषय गेले. घरी आठ दिवस त्याने सांगितलंच नाही. जेवताना नुसता ताटाकडे बघत बसायचा, तेव्हा आईला शंका आली.

मी न रागावता त्याच्याजवळ बसून एकेक विचारलं. अकाउंट्सची गणितं त्याला येतात, ताळेबंद जुळतो. पण थिअरीचा प्रश्न इंग्रजीत वाचला की नेमकं काय मागितलंय तेच उमगत नाही. वर्गात सर इंग्रजीतून सुरुवात करतात आणि अवघड जागा आली की समजावून सांगायला कन्नडवर येतात. याचं कन्नड बाजारापुरतं. म्हणजे बाकीच्या पोरांना जिथे उलगडा होतो, तिथेच याचं सुटतं. मराठी हा भाषा विषय घेतलाय, त्यात मात्र सत्तरच्या वर गुण आहेत.

पुढे विचारत गेले तर लायब्ररीचं कार्ड अजून काढलेलं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला नाही. नोटीस बोर्डावर प्रत्येक रोल नंबरसमोर 'मेंटॉर' म्हणून एका शिक्षकाचं नाव लावलंय, त्यात याच्यापुढे एका मॅडमचं नाव आहे. त्यांना हा एकदाही भेटला नाही. का, म्हटलं, तर म्हणाला, "काय म्हणून जायचं ग त्यांच्याकडे?"

ते ऐकल्यापासून मला झोप नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. मी पीयूसीनंतर शिवणकाम धरलं, बाबा शेतात. मेंटॉर म्हणजे काय आणि त्याच्याकडे काय मागायचं असतं, हे सांगणारं घरात कुणी नाही. इथे बरेचजण बेळगाव, धारवाड, कोल्हापुरात शिकलेले आहात. कॉलेजात आणि विद्यापीठात मुलांसाठी कायकाय असतं, ते कसं मिळवायचं, कृपया सविस्तर सांगा. माझ्यासारखे आणखी घरी असतील.

---

वडगावची | शनिवार, रात्री १०.०५

ताई, बरं झालं विचारलंत. मी पदवी कॉलेजात शिकवते, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते.

सगळ्यात आधी तारखांचं. निकालानंतर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला आणि फेरतपासणीला मोजकेच दिवस असतात. उद्याच भावाच्या यूयूसीएमएस (प्रवेश-परीक्षा-निकालाचं सरकारी पोर्टल) लॉगिनमध्ये बघा, तारीख उलटली असेल तर पुढचं सगळं पुरवणी परीक्षेवर जातं. तीनही विषयांची फेरतपासणी लावू नका. आधी झेरॉक्स मागवा, ती विषय शिकवणाऱ्या सरांना दाखवा, गुण वाढतील असं ते म्हणाले तरच पैसे भरा. झेरॉक्सचा दुसरा फायदा मोठा आहे. पोरगं नेमकं कुठे चुकतं ते तिथेच दिसतं.

आता मेंटॉर. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात प्रत्येक विद्यार्थ्यामागे मेंटॉर लागतो, म्हणून बहुतेक कॉलेजांत ही यादी असते. आमच्याकडे वीस-पंचवीस मुलांची वही असते. हजेरी, गुण, घरची अडचण, सगळं त्यात लिहायचं असतं. खरं सांगते, जी मुलं स्वतःहून येतात त्यांचीच पानं भरतात. बाकीच्यांना आम्ही सेमिस्टरमधून एकदा बोलावतो, ती येतात, "सगळं ठीक आहे मॅडम" म्हणतात आणि जातात. यात आमचीही चूक आहे. ठीक नाही हे दिसत असतं, पण पुढचा तास गाठायचा असतो.

"काय म्हणून जायचं" याचं उत्तर त्याला असं द्या: प्रश्नपत्रिका हातात घेऊन जायचं. "मॅडम, मला या प्रश्नात काय विचारलंय ते कळलं नाही." एवढं एक वाक्य पुरतं. मराठीत बोलला तरी चालतं. बेळगावात निम्म्याहून जास्त शिक्षकांना मराठी कळतं, निदान माझ्या पाहण्यात तरी.

रेमेडियल क्लास आणि ब्रिज कोर्स हे दोन शब्द लक्षात ठेवा. मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास म्हणजे रेमेडियल. माध्यम बदलून आलेल्यांसाठी वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत तास म्हणजे ब्रिज कोर्स. कागदावर ते असतात. दहा मुलांनी मिळून सही करून विभागप्रमुखांकडे अर्ज दिला की प्रत्यक्षातही होतात. हे मी माझ्या विभागात दोनदा होताना पाहिलंय.

---

कडोली४२ | शनिवार, रात्री ११.२०

शिष्यवृत्तीचं मी सांगतो. माझा पोरगा आता दुसऱ्या वर्षाला शिकूलालाय. पहिल्या वर्षाचे पैसे हातात यायला अकरा महिने लागले, खरं आले.

कर्नाटकात सगळं एसएसपी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फी सवलत, विद्यासिरी, बांधकाम कामगारांच्या पोरांची मदत, सगळं तिथंच. अर्ज करायच्या आधी चार गोष्टी तयार पाहिजेत आणि या चारांतच सगळी माणसं अडकतात.

एक, कास्ट-इन्कम, म्हणजे जात आणि उत्पन्नाचा दाखला. नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) काढायचं. दाखल्यावर आरडीनं सुरू होणारा नंबर असतो, पोर्टल तोच विचारतं. आमच्या पोराचा जुना दाखला होता, पाच वर्षं उलटलेली, नंबर घेईना.

दोन, नाव. इथं आम्ही रडलो. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव आधी आणि वडिलांचं नाव मागून, आडनाव नाही. आधारवर आडनाव आहे. बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा. तिन्ही ठिकाणी तीन माणसं झाली. आधार दुरुस्त करून घेतलं, मार्क्स कार्डाच्या नादी लागलो नाही. दहावीच्या कार्डाप्रमाणं बाकी सगळं करून घ्या, उलटं करायला जाऊ नका.

तीन, बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे आणि ते एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) यादीत दिसलं पाहिजे. खात्याला आधार लावलं म्हणजे झालं असं नाही. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करा", म्हणजे सरकारी पैसे थेट या खात्यात येतील असं आधार जोडा, असं सांगायचं, फॉर्म भरायचा. दोन बँकांत खाती असली तर शेवटी जिथं सीडिंग झालं तिथं पैसे पडतात. आमचे पैसे पोराच्या लहानपणीच्या एका खात्यात पडले होते, त्याचं पासबुकच सापडत नव्हतं.

चार, ई-अटेस्टेशन. स्टडी सर्टिफिकेट, अपंग असल्यास तो दाखला, असले कागद कॉलेजातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून ऑनलाईन तपासून घ्यायचे, तो एक नंबर देतो. शेवटच्या आठवड्यात गेलात तर त्याच्यापुढं शंभर पोरं असतात.

विद्यासिरी म्हणजे मागासवर्गीय पोरांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाला दर महिन्याला पैसे, दहा महिने. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३बी गटात येतो, म्हणजे आपली पोरं बसतात त्यात. हे मला सांगितलं ते झेरॉक्सवाल्यानं. कॉलेजातून कुणी नाही.

---

जांबोटी_रस्ता | रविवार, सकाळी ७.४०

काका, तुमचं वाचून रात्रीच कपाट उघडलं. भावाचं दहावीच्या कार्डावर एक, आधारवर वेगळंच. तुम्ही म्हणताय तसंच.

वडगावची मॅडम, लॉगिन उघडलं. झेरॉक्ससाठी अजून चार दिवस आहेत. हात जोडते तुम्हाला.

---

निपाणीकर | रविवार, सकाळी १०.१५

मी जरा वेगळं बोलतो. मूळ अडचण भाषेची आहे ना? मग पोराला कोल्हापूरला का नाही पाठवत? आमच्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ त्याच्या दुप्पट. आमच्याकडची निम्मी पोरं रोज राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून जातात. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, ऑफिसातला शिपाईसुद्धा मराठीत बोलतो. फॉर्म मराठीत, सूचना मराठीत. पोराची निम्मी भीती तिथेच जाते.

शिवाय महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या इंजिनिअरिंग, मेडिकलच्या प्रवेशात वेगळा प्रवर्ग आहे. गावाचा रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. बारावीनंतर जूनमध्ये धावपळ करतात, तोवर महाराष्ट्राच्या सीईटीची मुदत संपलेली असते.

---

वडगावची | रविवार, सकाळी ११.३०

निपाणीकर, निपाणीला ते सोयीचं आहे, मान्य. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावातून कोल्हापूर म्हणजे खोली घेऊन राहणं आलं, मेस आली. आणि एक गोष्ट लोक तिथे गेल्यावर शिकतात: इथलं ३बीचं सर्टिफिकेट महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. जातीचा दाखला ज्या राज्याचा, आरक्षण त्या राज्यात. एससी-एसटीच्या मुलांची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र मूळ राज्य देतं, मूल शिकायला बाहेर गेलं तरी. म्हणजे कोल्हापुरात शिकणाऱ्या निपाणीच्या मुलाने अर्ज कर्नाटकातच करायचा. कोल्हापूरच्या कॉलेजातल्या क्लार्कला याची कल्पना असेलच असं नाही, आणि मुलगा दोन्हीकडून राहतो.

जायचं त्यांनी जरूर जावं. पण जो इथे प्रवेश घेऊन बसलाय त्याला इथे उभं राहता आलं पाहिजे.

---

जुना_धारवाडी | रविवार, दुपारी १.०५

मी सत्तरीकडे झुकलोय. आमच्या वेळी बेळगावची सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. मार्क्स कार्डावर एक अक्षर चुकलं तरी पहाटेची गाडी धरून धारवाड. दिवसभर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. १९८२ साली पदव्युत्तर केंद्र बेळगावात आलं, पण पदवीच्या पोरांचं ऑफिस तिकडेच राहिलं. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं तेव्हा आम्ही म्हटलं, आता सुटलो. आता पोरांचं काम बेळगावजवळच होतं. अंतर कमी झालं. खिडकीसमोर उभं राहून काय बोलायचं ते ठाऊक नसणं मात्र आमच्या वेळेसारखंच आहे.

मुलांनी एक कायदा लक्षात ठेवावा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा परीक्षार्थीला हक्क आहे, माहिती अधिकाराखाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसा निकाल दिलाय, सीबीएसईच्या प्रकरणात. विद्यापीठाची झेरॉक्सची मुदत उलटली म्हणून बघायचा मार्ग बंद होत नाही, एवढंच सांगायचं होतं. फेरतपासणी मात्र मुदतीतच.

---

पुस्तकघर | रविवार, दुपारी ३.५०

मी ग्रंथालयात काम केलंय. ताई, भावाला उद्या पहिलं काम सांगा, कार्ड काढणे. फॉर्म कुठल्या भाषेत आहे याची काळजी नको, आम्ही भरून देतो. नवं पोर काऊंटरपाशी घुटमळलं की ओळखू येतं, पण तेही बोलत नाही आणि मागे रांग असते.

तुमच्या भावासाठी नेमकं काय उपयोगाचं ते सांगते, नाहीतर मी यादी देत बसेन आणि काहीच होणार नाही.

त्याला इंग्रजी प्रश्न कळत नाही. मग विषय आधी मराठीत समजून घ्यायचा आणि इंग्रजी शब्द त्यावर चढवायचे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची बीकॉमची मराठी माध्यमाची पुस्तकं कोल्हापुरात सहज मिळतात. अभ्यासक्रम तंतोतंत जुळत नाही, पण भांडवली आणि महसुली खर्च यांतला फरक दोन्ही राज्यांत सारखाच. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तोच मुद्दा इंग्रजीत, अशी वही करायची. मी ही वही तीन-चार मुलांकडून करून घेतली. दुसऱ्या सेमिस्टरला डावं पान रिकामं राहायला लागलं.

वरच्या वर्गाच्या नोट्स घेताना जपून. २०२१-२२ ला आलेली नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्याने २०२४-२५ पासून बदलली, पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. त्यामुळे जुन्या नोट्समधले पेपर आणि आताचे पेपर वेगळे असू शकतात. अभ्यासक्रमाची पत्रिका विद्यापीठाच्या साईटवरून उतरवून घ्या आणि तिच्यावर टिकमार्क करत वाचा.

इंजिनिअरिंगवाले कुणी वाचत असतील तर: एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरेंचे फुकट ऑनलाईन कोर्स) बऱ्याच कोर्सेसचे मराठी अनुवाद त्यांच्या साईटवर आहेत, व्हिडिओ इंग्रजीत ऐकायचा आणि मराठी मजकूर बाजूला ठेवायचा. एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर तांत्रिक पुस्तकं मराठीत फुकट उतरवता येतात. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय असलेल्या बेळगावात ही गोष्ट किती मराठी पोरांना माहीत आहे, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

एमए, पीएचडीवाल्यांना शोधगंगा, म्हणजे प्रबंधांचा ऑनलाईन साठा, ठाऊक असतेच. तिथे मराठीतले प्रबंध आहेत, पूर्ण. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, त्यात सरकारी विद्यापीठांना तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली झाली. तुमच्या विभागात त्याचं लॉगिन कुणाकडे आहे ते ग्रंथपालांना विचारा. पैसे भरून शोधनिबंध विकत घेणारे विद्यार्थी मी अलीकडेही पाहिलेत.

---

कडोली४२ | रविवार, सायंकाळी ६.१०

पुस्तकघर ताई, दोन पानांच्या वहीचं बरं सांगितलंत. पोराला दाखवलं.

एक विचारू का सगळ्यांना? आपली पोरं कन्नड का शिकत नाहीत? मी मराठी माणूस, मराठी शाळेचा, हे आधी सांगतो. खरं ऑफिसात चार वाक्यं कन्नडमध्ये बोललो की काम अर्ध्या तासात होतं, हे मी पोराच्या बाबतीत बघितलंय.

---

निपाणीकर | रविवार, सायंकाळी ६.४५

शिकावं, कुणी नको म्हटलं? माझी मुलगी चांगलं कन्नड बोलते. पण विद्यार्थ्याला आपल्या हक्काची सूचना समजेल अशा भाषेत मिळणं, हे ऑफिसचं काम आहे. पोराचं कन्नड कच्चं म्हणून त्याची शिष्यवृत्ती बुडावी, हे मला पटत नाही. ज्या भागात एवढी मराठी माणसं राहतात तिथे नोटीस बोर्डावर मराठीत चार ओळी लावायला काय हरकत आहे?

---

वडगावची | रविवार, रात्री ८.००

दोघांचंही बरोबर आहे आणि या धाग्यावर ते सुटणार नाही. मी माझ्या वर्गाच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या सूचना तिन्ही भाषांत टाकते, माझी मीच. दहा मिनिटं लागतात. कन्नड मजकूर चुकला तर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दुरुस्त करतात, त्या गोकाकच्या. त्यांचं मराठी मी दुरुस्त करते.

---

पाऊसवेळ | रविवार, रात्री ११.४८

मी सहसा इथे लिहीत नाही. ताईंनी लिहिलंय की भाऊ आठ दिवस बोलला नाही, ताटाकडे बघत बसायचा. ते वाचून लिहायला बसलो.

मी तिसऱ्या सेमिस्टरला असंच केलं होतं. चार विषय राहिले होते. खोलीवर राहायचो, सकाळी आवरून बाहेर पडायचो आणि कॉलेजला न जाता किल्ल्यात जाऊन बसायचो. घरी फोनवर सगळं छान सांगायचो. असे दोन महिने. झोप गेली, भूक गेली. मग काय काय मनात यायला लागलं ते इथे लिहीत नाही.

मला वाचवलं ते रूम पार्टनरने. त्याने वडिलांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले, काही विचारलं नाही, आधी जेवायला घेऊन गेले. नंतर सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं. चार महिने गोळ्या आणि बोलणं. डॉक्टरांशी मी मराठीतच बोललो. आज मी नोकरी करतो.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आता आहे म्हणून सांगतो. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं, फोन लावल्यावर भाषा निवडायची. कर्नाटकात तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, मनोचैतन्य नावाची योजना आहे ती. जाण्याआधी आपल्या रुग्णालयात चौकशी करा. धारवाडला मोठं मानसोपचार रुग्णालय आहेच. बऱ्याच कॉलेजांत समुपदेशन कक्ष असतो, पण पोरं जात नाहीत, कारण तो स्टाफरूमच्या शेजारी असतो आणि आत जाताना सगळे बघतात. फोन त्या मानाने सोपा.

ताई, तुमचा भाऊ आजारी आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलंत आणि त्याने सांगितलं, हे खूप झालं. पण पुढचे काही दिवस तो जेवतो का, झोपतो का, मित्रांत जातो का, एवढं बघा. आणि नापास झाल्यावरून पाहुण्यांसमोर बोलू देऊ नका कुणाला.

---

जांबोटी_रस्ता | सोमवार, पहाटे ५.३०

दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. रात्री वाचून त्याच्या खोलीत जाऊन आले. झोपला होता. आईला सकाळी पाहुण्यांचं सांगितलं, मामा येणार आहेत आज.

---

जुना_धारवाडी | सोमवार, सकाळी ९.२०

पाऊसवेळ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

अनगोळवासी | सोमवार, सकाळी १०.५०

धागा वाचला, थोडी भर घालतो. माझी बहीण दृष्टिबाधित आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ, हा तिचा हक्क आहे, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी काढा. अर्ज परीक्षेच्या फॉर्मसोबतच द्या, हॉल टिकेट आल्यावर नव्हे. आम्ही पहिल्या वर्षी हॉल टिकेट आल्यावर गेलो आणि तिचा एक पेपर हातचा गेला.

प्रवेश रद्द केल्यावर फी परत मिळत नाही असं सांगणारे भेटतील. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत सोडलं तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण फी, नंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, उलटल्यावर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०. मूळ टीसी, मार्क्स कार्ड अडकवून ठेवता येत नाही. आमच्या चुलतभावाचे कागद एका संस्थेने महिनाभर धरून ठेवले होते, हे परिपत्रक छापून नेलं तेव्हा दिले.

न ऐकल्यास तक्रार. २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तिथे समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार तोंडी करू नका, एक प्रत पोच घेऊन ठेवा. रॅगिंगचं असेल तर थेट १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

---

कडोली४२ | सोमवार, दुपारी २.३०

मुलींसाठी: शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, म्हणजे पासचा खर्च गेला. मुलांना विद्यार्थी पास सेवासिंधू या राज्याच्या पोर्टलवरून. गावातल्या 'ग्राम वन' (Grama One) सेवा केंद्रात करून देतात.

---

जांबोटी_रस्ता | मंगळवार, रात्री ८.५५

आज आम्ही दोघं बेळगावला जाऊन आलो. मीही गेले त्याच्यासोबत, शिवणाचं दुकान बंद ठेवून.

झेरॉक्सचे पैसे भरले, तीनही विषयांचे. मॅडमना भेटलो. त्याने प्रश्नपत्रिका पुढे केली, पण तोंडातून शब्द येईना, मग मीच बोलले. मॅडम खानापूरच्याच निघाल्या, मराठीत बोलल्या. एका प्रश्नावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, 'डिस्टिंग्विश' म्हणजे काय? याला माहीत नव्हतं. तो शब्द पेपरात चार ठिकाणी होता. त्याने प्रत्येक ठिकाणी नुसत्या व्याख्या लिहिल्या होत्या. फरक लिहा, एवढंच मागितलं होतं त्यांनी. त्याला फरक येतात, त्याने तिथेच मॅडमना मराठीत सांगितले सगळे.

मॅडमनी वहीच्या मागे दहा-बारा शब्द लिहून दिले: डिस्टिंग्विश, एक्सप्लेन, जस्टिफाय, इलस्ट्रेट, असे. प्रश्नात काय मागतात ते ओळखायचे शब्द. दर गुरुवारी शेवटच्या तासानंतर ये म्हणाल्या.

लायब्ररीचं कार्ड झालं. एसएसपीचं अडलं. नाव जुळत नाही म्हणून आधी आधार दुरुस्ती, आणि कास्ट-इन्कम नव्याने काढायला खानापूरच्या नाडकचेरीत जायचंय. काका, दुरुस्तीला दहावीचं मार्क्स कार्ड पुरावा म्हणून चाललं का तुमचं? की आणखी काही मागितलं?

---

कडोली४२ | मंगळवार, रात्री ९.१०

चाललं. ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्सवर करत नाहीत. पोराला स्वतः जायला लागतं, बोटांचे ठसे घेतात. सकाळी लवकर जा, टोकन संपतात.

---

पुस्तकघर | मंगळवार, रात्री ९.२५

ताई, मॅडमनी दिलेले ते दहा-बारा शब्द इथे टाकाल का? मराठी अर्थ मी समोर लिहून देते. छापून काऊंटरवर ठेवीन.

---

जांबोटी_रस्ता | मंगळवार, रात्री ९.४०

वही त्याच्याकडे आहे, तो डावं-उजवं पान आखत बसलाय. झालं की फोटो काढून टाकते.